कमी किमतीचे लॅपटॉप आणि बाह्य मॉनिटरांची मर्यादा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉप घेताना प्रोसेसर, मेमरी आणि बॅटरी यांची चौकशी सगळेच करतात, पण त्याला बाहेरून किती मॉनिटर जोडता येतील हा प्रश्न बहुतेकांना पडतो तो मॉनिटर टेबलावर येऊन बसल्यानंतर. मग केबल बदलून पाहिली जाते, ड्रायव्हर पुन्हा टाकला जातो, आणि शेवटी कळते की दोष कशातच नव्हता. त्या लॅपटॉपची मर्यादाच तेवढी होती. ही मर्यादा तीन ठिकाणी असू शकते: चिपमध्ये, चिपपासून पोर्टपर्यंतच्या जोडणीत, किंवा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये. आपले घोडे नेमके कोठे अडले आहे ते ओळखता आले, तर निम्मा खर्च आणि बराच मनस्ताप वाचतो.

लॅपटॉपला दोन पोर्ट आहेत, तरी दुसरा मॉनिटर का चालत नाही?

पडद्यावरचे चित्र पोर्टमध्ये तयार होत नाही. ते ग्राफिक्स चिपच्या ज्या भागात तयार होते त्याला डिस्प्ले पाइप किंवा डिस्प्ले इंजिन म्हणतात. हा भाग मेमरीतून चित्र ओळीओळीने वाचतो, त्यावर माउसचा बाण चढवतो, रंग जुळवतो आणि मॉनिटरला हव्या असलेल्या ठेक्यात, साधारणपणे सेकंदाला ६० वेळा (म्हणजे ६० हर्ट्झवर), ते अखंड पाठवत राहतो. एका पाइपमधून एका वेळी एकच स्वतंत्र चित्र निघते. त्यामुळे चिपमध्ये जितके पाइप, तितकेच स्वतंत्र पडदे. पोर्ट कितीही असोत. शिवाय लॅपटॉपचा स्वतःचा पडदाही या हिशेबात धरला जातो, हे अनेकदा विसरले जाते.

इंटेलच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्समध्ये २०१२ च्या आयव्ही ब्रिज पिढीपासून तीन पडद्यांची सोय आहे आणि कोअर मालिकेच्या ११ व्या पिढीपासून ती चारवर गेली. सेलेरॉन एन४०२० किंवा एन१०० यांसारख्या अगदी साध्या चिपसुद्धा तीन पडदे चालवू शकतात. म्हणजे स्वस्तातल्या विंडोज लॅपटॉपमध्ये चिप सहसा आड येत नाही. आड येते ती उत्पादकाची काटकसर. चिपमध्ये तीन पाइप असतात, पण बाहेर काढलेले असते एकच एचडीएमआय पोर्ट, आणि शेजारच्या यूएसबी-सी पोर्टपर्यंत चित्राच्या तारा नेलेल्याच नसतात. अ‍ॅपलच्या सुरुवातीच्या एम मालिकेत नेमके उलटे घडले: पोर्ट सक्षम होती, पण चिपमध्येच पाइप मोजके होते. तक्रार दोन्हीकडे एकच असली, तरी उपाय वेगळे आहेत. म्हणून एकाला लागू पडलेला सल्ला दुसऱ्याला जसाच्या तसा देऊ नये.

मॅकबुक एअरला एकच बाह्य मॉनिटर जोडता येतो, हे खरे आहे का?

ते मॉडेलवर अवलंबून आहे. एम१ (२०२०) आणि एम२ (२०२२) या चिप असलेल्या मॅकबुक एअरला एकच बाह्य मॉनिटर चालतो. मात्र तो ६० हर्ट्झवर ६के (आडवे सुमारे सहा हजार पिक्सेल) इतक्या मोठ्या रिझोल्यूशनचा असला तरी चालतो. गंमत अशी की त्याच २०२० सालच्या मार्चमध्ये आलेली इंटेल प्रोसेसरची मॅकबुक एअर दोन ४के मॉनिटर चालवत होती. नोव्हेंबरमध्ये आलेली एम१ ची एअर तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान होती, पण दोन मॉनिटरांवर काम करणाऱ्याला तिने एक पाऊल मागे आणले. त्याच एम१ चिपची मॅक मिनी दोन मॉनिटर चालवते, कारण तिला स्वतःचा पडदाच नाही.

मार्च २०२४ मध्ये आलेल्या एम३ च्या एअरने मधला मार्ग काढला. झाकण उघडे असताना एक बाह्य मॉनिटर आणि झाकण बंद केले तर दोन. म्हणजे आतल्या पडद्याचा पाइप मोकळा करून तो बाहेर वापरायचा. मार्च २०२५ मधील एम४ च्या एअरपासून झाकण उघडे ठेवूनही दोन बाह्य मॉनिटर चालू लागले. जुना मॅकबुक विकत घेणाऱ्याने ही चार नावे आणि त्यांच्यासमोरचे आकडे पक्के लक्षात ठेवावेत. एम१ आणि एम४ यांच्या किमतीतला फरक पाहून मोह होतो, पण टेबलावर दोन मॉनिटर ठेवायचे असतील तर पहिल्या दोन पिढ्यांच्या एअर त्या कामाच्या नाहीत.

सॉफ्टवेअर अद्ययावत करून ही मर्यादा वाढते का?

जवळजवळ कधीच नाही. लक्षात राहण्याजोगा एक अपवाद म्हणजे साध्या एम३ चिपचा १४ इंची मॅकबुक प्रो. तो आला तेव्हा एकच बाह्य मॉनिटर चालवत असे. २०२४ मध्ये मॅकओएस सोनोमा १४.६ आल्यानंतर झाकण बंद ठेवून दोन चालू लागले. तेथे चिपमध्ये क्षमता आधीपासून होती आणि सॉफ्टवेअरने ती खुली केली. एम१ किंवा एम२ च्या बाबतीत खुले करण्यासारखे काही शिल्लकच नाही, म्हणून त्यांच्यासाठी अशा अपडेटची वाट पाहण्यात अर्थ नाही.

झाकण बंद ठेवून काम करायचे असेल तर काय लागते?

मॅकबुकला चार्जर, बाहेरचा कीबोर्ड आणि माउस अथवा ट्रॅकपॅड जोडावा लागतो. विंडोजमध्ये पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन झाकण बंद केल्यावर काहीही करू नये असा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर लॅपटॉप झोपी जातो. आपण त्या यंत्राचा कॅमेरा, कीबोर्ड आणि बोटाच्या ठशाचे बटणही झाकणाखाली बंद करतो, याची कल्पना असावी.

यूएसबी-सी पोर्टला मॉनिटर जोडला, पण काहीच दिसत नाही. मॉनिटर बिघडला आहे का?

बहुधा नाही. यूएसबी-सी हे केवळ खोबणीच्या आकाराचे नाव आहे. त्या खोबणीतून काय वाहते ते उत्पादक ठरवतो. काही पोर्टमधून फक्त डेटा जातो, काहींमधून डेटा आणि चार्जिंग, आणि चित्र जाण्यासाठी त्या पोर्टला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोडची, म्हणजे डिस्प्लेपोर्ट या मॉनिटर-जोडणीचा सिग्नल यूएसबी-सीमधून नेण्याच्या सोयीची, जोड असावी लागते. ही जोड ऐच्छिक आहे. स्वस्त लॅपटॉपमध्ये ती अनेकदा गाळलेली असते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही पोर्ट अगदी सारखी दिसतात.

पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचे चिन्ह, म्हणजे डी आणि पी या इंग्रजी अक्षरांची जुळलेली आकृती, किंवा थंडरबोल्टचा (यूएसबी-सी खोबणीच्याच एका वेगवान जोडणीचा) बाण असेल तर चित्र मिळेल असे समजावे. चिन्ह नसेल तर चित्र मिळणारच नाही असे मात्र नाही, कारण अनेक उत्पादक चिन्ह छापतच नाहीत. अशा वेळी नेमक्या मॉडेल क्रमांकाचे तांत्रिक माहितीपत्रक पाहावे. त्यात यूएसबी-सीसमोर डिस्प्लेपोर्ट हा शब्द असतो तरी किंवा नसतो तरी. नसला तर तो नाही असेच धरावे. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत हे पोर्ट बदलते, म्हणून मालिकेचे नाव पुरेसे नाही.

माहितीपत्रकात सोय आहे आणि तरीही चित्र येत नसेल, तर केबल तपासावी. फोनसोबत येणारी चार्जिंगची यूएसबी-सी केबल दोन्ही टोकांनी बरोबर बसते, पण तिच्यात बहुधा यूएसबी २.० पुरत्याच तारा असतात. चित्रासाठी लागणाऱ्या वेगवान तारांच्या जोड्या तिच्यात नसतातच. ती केबल हाताला बारीक आणि लवचीक लागते. चित्र वाहून नेणारी केबल सहसा जाडसर आणि आखूड असते.

४के मॉनिटर जोडला, पण तो ३० हर्ट्झच्या पुढे जात नाही. असे का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर बेरीज-गुणाकारात आहे. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार पिक्सेल असतात; ४के पडद्यावर बरोबर चौपट, म्हणजे सुमारे ८२ लाख ९४ हजार. प्रत्येक पिक्सेलला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे धरली, तर दोन ओळींमधल्या रिकाम्या वेळेसह ४के साठी सेकंदाला साधारण १२.५ गिगाबिट वाहून न्यावे लागतात. एचडीएमआय १.४ ची एकूण क्षमता १०.२ गिगाबिट आहे आणि संकेतनाचा वाटा वजा जाता तिच्यातून चित्रासाठी उरतात सुमारे ८. त्यात ६० हर्ट्झ मावत नाही. ३० हर्ट्झ मावते. एचडीएमआय २.० मध्ये एकूण १८ गिगाबिट मिळतात आणि ४के ६० हर्ट्झवर आरामात चालतो.

एचडीएमआय २.० हे मानक २०१३ चे आहे, पण इंटेलच्या लॅपटॉप चिपमध्ये ते बरेच उशिरा थेट आले. ८ व्या पिढीपर्यंतच्या चिपमधून थेट निघणारे एचडीएमआय १.४ होते आणि २.० हवे असेल तर उत्पादकाला मदरबोर्डवर वेगळी रूपांतरक चिप बसवावी लागे. महागड्या मॉडेलमध्ये ती बसवली जाई; कमी किमतीच्या मॉडेलमध्ये गाळली जाई. त्यामुळे प्रोसेसर एकच असूनही एका लॅपटॉपवर ६० हर्ट्झ आणि दुसऱ्यावर ३० असे चित्र दिसते.

३० हर्ट्झ म्हणजे नक्की काय, हे आकड्यापेक्षा हाताला लवकर कळते. माउस पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत झपकन न्यावा. ६० हर्ट्झवर बाण सरकतो. ३० वर तो उड्या मारतो, कारण दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंद जातात. खिडकी धरून ओढली की ती बोटामागून रखडत येते. चित्रपट पाहायला हे चालते, कारण चित्रपट बहुधा २४ चित्रांचाच असतो; दिवसभर मजकूर वर-खाली सरकवायचा असेल तर डोळे थकतात. माझ्या मते, अशा पोर्टवर ४के ३० पेक्षा २५६० गुणिले १४४० हे रिझोल्यूशन ६० हर्ट्झवर चालवणे केव्हाही बरे. त्याला ६ गिगाबिटहूनही कमी लागतात, पण ते चालू करण्यापूर्वी लॅपटॉपचे पोर्ट आणि मॉनिटर दोघेही एचडीएमआयवर ते स्वीकारतात याची खात्री करावी.

प्रत्यक्ष किती मिळते आहे ते विंडोजमध्ये सिस्टिम, डिस्प्ले आणि त्यातील प्रगत डिस्प्ले या पानावर दिसते. तेथे डेस्कटॉपचे रिझोल्यूशन आणि सिग्नलचे रिझोल्यूशन वेगवेगळे लिहिलेले असते. दोन्ही जुळत असल्याचे पाहावे. कधीकधी ६० हर्ट्झ दिसते, पण लाल अक्षरे निळ्या पार्श्वभूमीवर फिसकटलेली दिसतात. तेव्हा रंगांची माहिती कमी करून ६० हर्ट्झ कसेबसे बसवलेले असते. व्हिडिओत हे कळत नाही, तक्त्यांत लगेच कळते.

पोर्टवर एचडीएमआय २.१ लिहिले आहे. मग काळजी नको ना?

थोडी असावी. २.१ या मानकातील ४८ गिगाबिटचा वेग ऐच्छिक आहे. नाव २.१ आणि वेग २.० चा, असे पोर्ट नियमांत बसते. माहितीपत्रकात आवृत्तीच्या आकड्याऐवजी ‘४के, ६० हर्ट्झ’ किंवा ‘४के, १२० हर्ट्झ’ असे स्पष्ट लिहिलेले असेल तर त्यावर विश्वास ठेवावा.

दोन एचडीएमआय पोर्ट असलेला डॉक घेतला, पण दोन्ही मॉनिटरांवर एकच चित्र येते. काय चुकले?

हा अनुभव माझ्या स्वतःच्या टेबलावरचा आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. डॉकच्या, म्हणजे एका केबलने लॅपटॉपला जास्तीची पोर्ट देणाऱ्या पेटीच्या, खोक्यावर दोन मॉनिटर शेजारी शेजारी दाखवले होते आणि प्रत्येकावर वेगळे दृश्य होते. जोडल्यावर मात्र दोन्हींवर एकच डेस्कटॉप आला. माउस एकावर हलवला की दुसऱ्यावरही हले. अर्धी संध्याकाळ केबलांची अदलाबदल करण्यात गेली. मग खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांतली ओळ सापडली: वेगवेगळी दृश्ये फक्त विंडोजवर. मी मॅकबुक जोडला होता.

असा साधा डॉक एमएसटी नावाच्या तंत्रावर चालतो. डिस्प्लेपोर्ट १.२ पासून, म्हणजे २०१० पासून, एकाच केबलमधून अनेक पडद्यांचे स्वतंत्र सिग्नल पाठवण्याची ही सोय आहे. विंडोज आणि लिनक्स ती वापरतात. मॅकओएस मात्र या मार्गाने डेस्कटॉप दोन पडद्यांवर पसरू देत नाही. मॅकला दोन मॉनिटर जोडायचे असतील तर दोन वेगळ्या पोर्टमधून किंवा थंडरबोल्टच्या डॉकमधून जावे लागते, आणि तेही चिपमध्ये पाइप शिल्लक असेल तरच.

विंडोजवरही एमएसटीने क्षमता वाढत नाही, वाटली जाते. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या चारही मार्गिका (सिग्नल वाहणाऱ्या तारांच्या जोड्या) मिळाल्या तर चित्रासाठी १७.२८ गिगाबिट असतात. त्यात २५६० गुणिले १४४० चे दोन मॉनिटर ६० हर्ट्झवर बसतात, दोन ४के बसत नाहीत. त्यातही मेख आहे: यूएसबी-सी केबलमधून वेगवान यूएसबी डेटाही न्यायचा असेल तर दोन मार्गिका त्याला जातात आणि चित्रासाठी ८.६४ गिगाबिटच उरतात. अनेक हब, म्हणजे छोटे डॉक, ४के ला ३० हर्ट्झवर अडतात त्याचे कारण हेच. डिस्प्लेपोर्ट १.४ असलेल्या लॅपटॉपवर वेग दीडपट होतो आणि परिस्थिती बरीच सुधारते, परंतु डॉकही १.४ चाच असावा लागतो.

मग एम१ किंवा एम२ च्या मॅकबुक एअरला दोन मॉनिटर जोडण्याचा काहीच मार्ग नाही का?

एक आडवळणाचा मार्ग आहे. डिस्प्लेलिंक या तंत्राचे डॉक चिपमधील डिस्प्ले पाइप वापरतच नाहीत. लॅपटॉपवर बसवलेला ड्रायव्हर एक काल्पनिक पडदा उभा करतो, त्यावरचे चित्र प्रोसेसरकडून आकुंचित करून घेतो आणि साध्या यूएसबी डेटाच्या रूपाने डॉककडे पाठवतो; डॉकमधील चिप ते उलगडून मॉनिटरला देते. म्हणून ज्या यूएसबी पोर्टमधून चित्र जात नाही त्यातूनही हे चालते, आणि स्वस्त विंडोज लॅपटॉपलाही त्याचा उपयोग होतो.

याची किंमत प्रोसेसर मोजतो. पत्रव्यवहार, तक्ते, संकेतस्थळे, कोड यांसाठी हे पुरेसे आहे आणि काही दिवसांत सवयही होते. जलद हालचालीचा व्हिडिओ किंवा खेळ असेल तर अडखळणे जाणवते, आणि कमी ताकदीच्या प्रोसेसरवर पंखा ऐकू येऊ लागतो. मॅकओएसवर या ड्रायव्हरला पडदा रेकॉर्ड करण्याची परवानगी द्यावी लागते. ते पाहून अनेकजण दचकतात, पण चित्र उचलायचे असेल तर त्याला दुसरा मार्ग नाही. त्याच कारणाने मॅकवर संरक्षित चित्रपट काळे दिसतात. ज्या संगणकावर स्वतः ड्रायव्हर बसवण्याची मुभा नाही, उदाहरणार्थ कार्यालयाने दिलेला लॅपटॉप, तेथे आधी संगणक विभागाला विचारावे आणि मगच डॉक मागवावा.

एचडीएमआय स्प्लिटर लावून दोन मॉनिटर होतील का?

होतील, पण दोन्हींवर एकच चित्र दिसेल. स्प्लिटर प्रत काढतो, नवा पडदा निर्माण करत नाही.

मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट आहे आणि लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. साधा अडॅप्टर चालेल का?

दिशा महत्त्वाची आहे. डिस्प्लेपोर्टमधून निघून एचडीएमआय मॉनिटरला जाणारे अडॅप्टर साधे आणि सहज मिळणारे आहेत. उलट दिशेने मात्र सिग्नलचे खरोखर रूपांतर करावे लागते, आणि त्यासाठी वेगळा वीजपुरवठा घेणारा, म्हणजे बहुधा एक यूएसबी शेपूट असलेला, रूपांतरक लागतो. केबलचे एक टोक एक आणि दुसरे टोक दुसरे एवढे पाहून घेतलेली केबल बहुतेक वेळा चुकीच्या दिशेची निघते.

थंडरबोल्ट असेल तर प्रश्न सुटतो का?

विंडोज लॅपटॉपवर बहुतांशी सुटतो. २०२० मध्ये जाहीर झालेल्या थंडरबोल्ट ४ च्या प्रमाणपत्रासाठी दोन ४के मॉनिटर चालवता येणे ही किमान अट आहे. थंडरबोल्ट ३ साठी ती एकाच ४के ची होती. पण हे पोर्ट कमी किमतीच्या लॅपटॉपवर क्वचितच असते. आणि एम१ मॅकबुक एअरच्या पोर्टमध्ये ४० गिगाबिटचा वेग असूनही मॉनिटर एकच चालतो, यावरून पोर्टचा वेग आणि पडद्यांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पुरेसे स्पष्ट व्हावे.

मॉनिटर जोडल्यावर लॅपटॉप मंदावतो. मेमरी कमी पडते का?

अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ती मुख्य मेमरीतूनच वाटा घेते. ४के पडदा ६० हर्ट्झवर ताजा ठेवण्यासाठीच मेमरीतून सेकंदाला साधारण २ गिगाबाइट वाचावे लागतात, आणि खिडक्या रेखाटण्याचे काम त्याहून वेगळे. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या मेमरीची एकच पट्टी असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट मिळतात. म्हणजे मॉनिटर बंद पडणार नाही, पण ग्राफिक्स आणि प्रोसेसर एकाच नळाखाली रांगेत उभे राहतात. दुसरी खोबणी रिकामी असेल तर तेवढीच दुसरी पट्टी बसवावी. दोन वाहिन्या मिळाल्याने फरक जाणवतो. मेमरी मदरबोर्डवर जोडलेली असेल, तर मात्र रिझोल्यूशन कमी करणे एवढाच इलाज उरतो.

एकच बाह्य मॉनिटर चालणार असेल, तर तो कोणता घ्यावा?

दोन मॉनिटरांची गरज बहुतेक वेळा दोन खिडक्या शेजारी शेजारी उघड्या ठेवण्याची असते, आणि ती एका रुंद मॉनिटरवर भागते. ३४४० गुणिले १४४० चा पडदा एकच पाइप आणि एकच केबल घेतो, आणि त्याचे पिक्सेल ४के च्या सुमारे ६० टक्केच असतात. म्हणून पोर्टवर आणि मेमरीवर ताण कमी पडतो. डावीकडे दस्तऐवज आणि उजवीकडे तक्ता ठेवला तरी दोन्ही पुरेशा रुंदीचे दिसतात, मधे प्लास्टिकची कड येत नाही, आणि लॅपटॉपचा स्वतःचा पडदा निरोप-संदेशांसाठी खाली मोकळा राहतो. फक्त पडदा पूर्ण भरून सादरीकरण करणाऱ्यांची यात अडचण होते, कारण समोरच्याला अख्खा रुंद पडदा लहान होऊन दिसतो. अशा वेळी संपूर्ण पडद्याऐवजी एकच खिडकी सामायिक करावी. जुन्या एचडीएमआय १.४ पोर्टवर हा मॉनिटर कधीकधी ५० हर्ट्झवरच चालतो, म्हणून लॅपटॉपला यूएसबी-सीतून चित्र देता येत असेल तर हा मॉनिटर त्याच पोर्टवर जोडावा.